कच्च्या मालाचा तालुका

कांद्यावरील निर्यातशुल्क केंद्र शासनाने १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे मागे घेतले, तेव्हा नाशिक, पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कांदा उत्पादकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्याआधीच्या पावणेदोन वर्षांत या पिकाने सरकारी धोरणाचे जेवढे फेरे पाहिले, तेवढे दुसऱ्या एखाद्या पिकाने क्वचितच पाहिले असतील. १९ ऑगस्ट २०२३ रोजी ४० टक्के शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ पासून सरसकट निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ रोजी ती उठली, पण टनामागे ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क यांचे लोढणे गळ्यात अडकवूनच. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान किमतीची अट गेली आणि शुल्क निम्म्यावर आले. शुल्क पूर्ण गेले की भाव उठतील, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. २०२५ च्या पावसाळ्यात उन्हाळी कांदा चाळीतून बाहेर पडू लागला, तेव्हा बाजार समित्यांतील भाव पडलेलेच होते. निर्यातीचे दार उघडणे आणि त्या दारातून समृद्धी आत येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पारनेरसारख्या तालुक्याइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.

पारनेर हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या नैऋत्येचा पठारी तालुका. पर्जन्यछायेत असलेला, पाचशे मिलिमीटरच्या आसपास पावसावर भागविणारा आणि तोही दर वर्षी येईलच याची शाश्वती नसलेला. अशा भूमीला साधनसंपन्न म्हणणे कोणाला थट्टाच वाटेल. तथापि या तालुक्यातून रोज काय बाहेर जाते याचा हिशेब मांडला, तर वेगळे चित्र दिसते. कांद्याचे ट्रक जातात, दुधाचे टँकर पुण्या-मुंबईकडे जातात, कान्हूर पठाराचा वाटाणा जातो, मूग जातो, डाळिंब जाते. आणि कित्येक पिढ्यांपासून माणसे जातात. या सर्वांत एक समान सूत्र आहे. ज्या अवस्थेत वस्तू जमिनीतून वा गोठ्यातून निघते, जवळजवळ त्याच अवस्थेत ती तालुक्याची वेस ओलांडते. तिची किंमत वेशीपलीकडे ठरते आणि तिच्यावरचे पुढील संस्कारही, ज्यांत खरा नफा असतो, वेशीपलीकडेच होतात.

कच्च्या मालाच्या निर्यातीवर जगणाऱ्या अर्थव्यवस्थांची उदाहरणे देताना अभ्यासक झांबियाचे तांबे किंवा घानाचा कोको यांची नावे घेतात. महाराष्ट्राला ही चर्चा नवी नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यामागची चिंता हीच होती: कच्चा माल पिकविणे हेच हिंदुस्थानचे विधिलिखित मानणारे अर्थशास्त्र हिंदुस्थानला लागू पडत नाही. पुढे १९५० च्या सुमारास राउल प्रेबिश आणि हान्स सिंगर यांनी, कच्च्या मालाच्या किमती पक्क्या मालाच्या तुलनेत दीर्घकाळात घसरत जातात, असा सिद्धान्त मांडला. सिद्धान्ताच्या तपशिलावर वाद झाले. परंतु एक क्विंटल कांद्याच्या पैशांत आज खताच्या किती गोण्या येतात आणि दहा वर्षांपूर्वी किती येत होत्या, एवढी तुलना ज्याला करता येते त्याला प्रेबिशचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. फरक इतकाच की रानडे यांच्या काळी हा व्यवहार हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यातील होता. आज तो एका राज्यातील दोन भूभागांमध्ये, किंबहुना एकाच जिल्ह्याच्या दोन भागांमध्येही चालतो.

पारनेरची सर्वांत जुनी निर्यात म्हणजे माणूस. मुंबईच्या गिरण्या, गोदी, बाजारपेठा आणि घाऊक मंड्या यांना जी घाटावरची मनगटे लागत, त्यांत जुन्नर-पारनेरचा वाटा मोठा होता. १९६९ च्या माथाडी कायद्याने ओझे वाहणाऱ्यांना काही संरक्षण दिले. गिरणी कामगाराच्या वाट्याला मात्र १८ जानेवारी १९८२ चा संप आला. सुमारे अडीच लाख कामगारांचा तो संप कधी रीतसर मिटलाच नाही, आणि गावाकडे येणारी मनीऑर्डर थांबली. जे परतले, त्यांच्यापाशी साच्यावर काम करण्याचे कसब होते. पण गावात साचा नव्हता. पुढची पिढी पुन्हा मुंबईलाच गेली, या वेळी टॅक्सी, हमाली, फळभाज्यांचा व्यापार आणि खाजगी नोकऱ्यांत. आज निवडणुकीच्या दिवसांत पारनेरच्या उमेदवारांना मुंबईत मेळावे घ्यावे लागतात, याचे सर्वांना कौतुक वाटते. ज्या मतदारसंघाचा मतदार शोधण्यासाठी दोनशे किलोमीटर दूर जावे लागते, त्याच्या अर्थव्यवस्थेबद्दल ती गोष्ट काय सांगते, याचा विचार त्या मेळाव्यांत होत नाही.

माणसांच्या या ओघाला पहिला अटकाव झाला तो पाण्यामुळे. १९७२ च्या दुष्काळानंतर तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, अण्णा हजारे राळेगणसिद्धीला परतले आणि तेथे पाणलोटाचे जे काम उभे राहिले त्याची कथा आता पाठ्यपुस्तकांत गेली आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने १९९० च्या सुमारास पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने त्याच वाटेने जाऊन आणखी एक पाऊल टाकले: शेतीसाठी कूपनलिकांना मज्जाव आणि पावसाच्या मापाप्रमाणे पिकांचे नियोजन. या प्रयोगांची नैतिक बाजू पुष्कळ गायिली गेली. त्यांची आर्थिक बाजू त्याहून महत्त्वाची आहे. पाऊस हाही कच्चा मालच. तो उताराने वाहून कुकडी, घोड आणि मुळा या नद्यांतून खाली जात होता आणि दुसऱ्यांची धरणे भरीत होता. तो अडविणे, मुरविणे आणि वर्षभर पुरविणे ही पारनेरने आपल्या संपत्तीवर गावातच केलेली पहिली प्रक्रिया होती.

परंतु पाणी आल्यावर काय पिकले? कांदा आणि चारा, म्हणजे दूध. ज्या गावांनी हिवरे बाजारचा संयम पाळला नाही तेथे विहिरींच्या जोडीला कूपनलिका खोल खोल गेल्या. श्रमदानाने अडविलेले पाणी कांद्याच्या रूपाने पुन्हा तालुक्याबाहेर जाऊ लागले, आणि तेही कित्येकदा वाहतुकीचा खर्चसुद्धा निघू नये अशा दराने. येथे शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. तीन-चार महिन्यांत हाती रोकड देणारे, मागणीची खात्री असलेले आणि घरच्या मनुष्यबळावर निघणारे दुसरे पीक त्याला दाखविता आले नाही, तर तो कांदाच लावणार.

कांद्यावर प्रक्रिया करावी, हा सल्ला प्रत्येक मंदीत दिला जातो. तो देणाऱ्यांनी गुजरातमधील महुवा येथे जरूर जावे. भावनगर जिल्ह्यातील या गावाभोवती कांदा सुकविण्याचे जे कारखाने आहेत, त्यांचा माल परदेशी जातो. पण तो कांदा पांढरा असतो आणि त्यात घन पदार्थांचे प्रमाण जास्त असते. पारनेरच्या चाळीत भरलेला लालसर उन्हाळी कांदा या यंत्रांत घातला तर पाणीच फार उडवावे लागते, इंधन जास्त जळते आणि रंगही बाजाराला रुचत नाही. म्हणजे प्रक्रिया उद्योगाची सुरुवात कारखान्याच्या शेडपासून होत नाही. ती बियाण्यापासून होते. कोणत्या गावात किती क्षेत्रावर सुकवणीयोग्य वाण लावायचा, तो कोणत्या कराराने कोण घेणार, भाव पडला तर तोटा कोण सोसणार, हे ठरल्यावाचून अनुदान घेऊन उभ्या केलेल्या शेडला कुलूपच लागायचे.

त्याहून साधी आणि तातडीची गोष्ट साठवणुकीची आहे. चाळीत चार-पाच महिने ठेवलेल्या कांद्यापैकी पाव हिस्सा, कधी त्याहूनही अधिक, वजनघट, सड आणि मोड यांत जातो. ही घट निम्म्यावर आणणे म्हणजे एक गुंठाही जास्त न भिजविता उत्पन्न वाढविणे होय. प्रतवारी, पॅकिंग, साठवण आणि वाहतूक ही कामे तालुक्यात झाली, तर त्यांतून मिळणारी मजुरी आणि नफा दोन्ही तेथेच राहतील. धुराड्याचा कारखाना दिसला म्हणजेच उद्योग आला, ही समजूत सोडली पाहिजे.

या ठिकाणी केंद्राच्या निर्यातबंदीकडे पुन्हा पाहावे लागते. कच्चा माल बाहेर जाऊ न देणे हे स्वतः काही पाप नव्हे. इंडोनेशियाने जानेवारी २०२० पासून निकेलच्या खनिजाची निर्यात बंद केली. युरोपीय संघाने जागतिक व्यापार संघटनेत दाद मागितली आणि २०२२ मध्ये तेथील मंडळाने इंडोनेशियाविरुद्ध निर्णयही दिला. तरीही त्या देशाने हेका सोडला नाही, कारण बंदीमागे एक हेतू होता: निकेल वितळविणारे कारखाने आपल्या बेटांवर यावेत. ते आले. त्यांच्याबरोबर परकीय भांडवलाचे वर्चस्व, कोळशाचा धूर आणि समुद्रात जाणारा गाळही आला, हे खरे. पण बंदीला काही एक दिशा होती. आपल्याकडील कांदाबंदीला अशी दिशा नव्हती. शहरातील ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा, एवढाच तिचा हेतू होता. शहरातील गरिबाच्या भाकरीबरोबरचा कांदा महाग होऊ नये, ही इच्छा गैर नाही; मात्र तिचा खर्च सरकारी तिजोरीतून न करता कांदा पिकविणाऱ्याच्या खिशातून केला गेला. माल रोखून धरला, पण त्याचे पुढे काहीच केले नाही. आणि मधल्या काळात परदेशी गिऱ्हाइकाने भारताच्या भरवशावर राहणे सोडले.

दुधाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. एका अर्थी गाय हाच प्रक्रिया उद्योग. कडबा आणि हिरवा चारा यांचे तिच्या पोटात रोज रोकड देणाऱ्या मालात रूपांतर होते. पण सरकी पेंड आणि पशुखाद्य बाहेरून विकत येते आणि दूध बाहेर जाते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे भाव दुसऱ्यांच्या हाती राहतात. जादा झालेल्या दुधाची भुकटी आणि लोणी होते, आणि भुकटीचा भाव जगाच्या बाजाराला बांधलेला असतो. न्यूझीलंडमध्ये किंवा युरोपात भुकटी स्वस्त झाली की काही आठवड्यांत पारनेरच्या संकलन केंद्रावरील दर उतरतो. जिल्ह्यातील पुणतांब्यातून १ जून २०१७ रोजी जो शेतकरी संप सुरू झाला, त्यात दूध रस्त्यावर ओतले गेले. जानेवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने गायीच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिले. अनुदानाने त्या दिवसांची निकड भागली. भुकटीवरचे परावलंबन तसेच राहिले. पनीर, खवा, तूप, दही हे पदार्थ जेथे दूध निघते तेथून दहा-वीस किलोमीटरांत होऊ शकतात आणि पुणे-अहिल्यानगर महामार्ग दाराशी आहे. तरीही टँकर निघून जातात, कारण प्रक्रियेला लागणारे खेळते भांडवल आणि विक्रीचे जाळे तालुक्यापाशी नाही.

भांडवल नाही, हे मात्र अर्धसत्य आहे. पारनेरमध्ये पतसंस्थांचे जाळे दाट आहे. मुंबईकरांची बचत, निवृत्तांची पुंजी आणि दुधाचे पैसे त्यांत जमा होतात. काही संस्था अडचणीत आल्या आणि ठेवीदारांचे हाल झाले. ज्या टिकल्या त्यांचे कर्ज बव्हंशी घरे, गाड्या आणि सोनेतारण यांत गुंतते. तालुक्याची बचतदेखील कच्च्या स्वरूपातच पडून राहते, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे ठरू नये.

कच्चा माल विकून आलेला पैसा कोठे जातो, यावर सर्व काही अवलंबून असते. गोव्याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे लोहखनिजाची निर्यात सुरू झाली, प्रथम जपानकडे आणि २००० नंतर मुख्यतः चीनकडे. २०१०-११ च्या सुमारास ती वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात पोहोचली. या सुबत्तेतून काय उभे राहिले? खनिज वाहणारे ट्रक आणि मांडवी-झुआरीतून ते बंदरात नेणाऱ्या बार्जेस. म्हणजे खनिजाचा पैसा पुन्हा खनिजातच. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या, तेव्हा हप्त्यांवर घेतलेले ट्रक दारात उभे राहिले आणि कर्जदारांसाठी शासनाला सवलतीच्या योजना काढाव्या लागल्या. २०१४ च्या निकालात न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या १० टक्के रक्कम भावी पिढ्यांसाठीच्या कायम निधीत टाकण्यास सांगितले. २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरणच रद्द केले. गोव्याचे खनिज हलक्या प्रतीचे होते आणि जवळ कोळसा नव्हता, म्हणून तेथे पोलादाचे कारखाने निघाले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण संपणाऱ्या संपत्तीतला थोडा भाग बाजूला काढून दुसरे काही उभारावे, हे सांगायला न्यायालयाला यावे लागले, ही नामुष्कीच होय. गडचिरोलीत सुरजागडच्या खनिजाबाबत, प्रक्रिया जिल्ह्यातच व्हावी ही मागणी लोकांनी सुरुवातीपासून लावून धरली आणि कोनसरी येथे कारखाने उभे राहू लागले, ते गोव्याच्या अनुभवानंतर पुढचे पाऊल म्हणता येईल. जंगल आणि आदिवासींचे हक्क यांची किंमत त्यात किती, हा प्रश्न अर्थातच वेगळा आणि गंभीर आहे.

कच्च्या मालाचे पक्क्या मालात रूपांतर शेतकऱ्यांच्या मालकीने कसे करावे, याचा भारतातील पहिला मोठा धडा अहिल्यानगर जिल्ह्यानेच घालून दिला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणी येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ मध्ये पार पडला. ऊस गूळवाल्याला वा खाजगी कारखानदाराला विकणारा शेतकरी साखरेचा मालक झाला, आणि त्यामागोमाग शाळा, रुग्णालये, महाविद्यालये आली. पण त्या धड्याला कालव्याचे पाणी लागत होते. पारनेरने त्याच नमुन्याची नक्कल केली. देवीभोयरे येथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि कर्जाच्या ओझ्याखाली तो अखेर खाजगी हाती गेला. ज्या भूमीत बाजरी आणि मूग पिकतात तेथे साखर कारखाना हा विकासाचा पहिला शब्द असू शकत नव्हता. सहकाराचे तत्त्व न घेता सहकाराचे धुराडे तेवढे घेतले गेले.

राज्याच्या असमतोलाचा हिशेब करणाऱ्यांनाही पारनेर नीट दिसला नाही. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये विभागीय अनुशेषाचा जो अहवाल दिला, त्यात मोजमापाचे एकक जिल्हा हे होते. प्रवरा आणि गोदावरीच्या कालव्यांखालील उत्तर भाग आणि पारनेर, जामखेड, पाथर्डीसारखे दक्षिण भागातील तालुके यांची सरासरी काढली, की जिल्हा बरा दिसतो आणि पारनेर अदृश्य होते. २०१३ मधील विजय केळकर समितीच्या अहवालाने पाणी आणि टंचाईचे भूभाग यांचा अधिक बारकाईने विचार केला. पण त्याच्या शिफारशींवर जेवढी चर्चा झाली तेवढी कार्यवाही झाली नाही. समतोल विकास हा शब्द विदर्भ आणि मराठवाड्यापुरता राखून ठेवल्यामुळे पश्चिम महाराष्ट्राच्या पोटातील कोरडे तालुके त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

पारनेरच्या मातीला हा विषय अपरिचित आहे असे मात्र नाही. १८८० मध्ये पारनेरलाच जन्मलेले सेनापती पांडुरंग महादेव बापट १९२१ पासून मुळशीच्या सत्याग्रहात उतरले, ते टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध. खोरे मावळ्यांचे, पाणी खोऱ्याचे, वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि विस्थापन खोऱ्यातील शेतकऱ्यांना, असा तो व्यवहार होता. शतकानंतर त्यांच्याच तालुक्यात, सुप्याजवळच्या कवड्या डोंगराच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरत आहेत. येथे कोणी त्या प्रमाणात विस्थापित झाले नाही आणि वारा काही खर्च होत नाही, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरीही वीज वाहिन्यांतून निघून जाते आणि खालच्या शेतकऱ्याला पंपासाठी ती वर्षानुवर्षे रात्रपाळीतच मिळत आली, ही विसंगती डोळ्यांआड करता येत नाही.

आता सर्वांची आशा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीवर आहे. पुण्याच्या चाकण-रांजणगाव पट्ट्यातील जागा महागल्या, तसे उद्योग महामार्गाने पुढे सरकले आणि सुप्यात वातानुकूलन यंत्रांसारख्या मालाचे मोठे कारखाने आले. हे स्वागतार्हच आहे. पण या कारखान्यांना पारनेरकडून जे लागते ते म्हणजे जमीन, पाणी आणि कंत्राटी हात. त्यांचे सुटे भाग बाहेरून येतात, अभियंते बाहेरून येतात, तयार माल बाहेर जातो. पूर्वी कामगार गिरणीकडे जात असे, आता गिरणीच महामार्गावर येऊन उभी राहिली आहे; तालुक्याने पुरविलेला माल मात्र अजून अकुशल श्रमच आहे. बारावी वा पदवी झालेला मुलगा स्पर्धा परीक्षेची पुस्तके घेऊन पुण्यात खोली करून राहतो, आणि त्याच्या गावापासून पंधरा मैलांवर शीतयंत्र जोडणारा कुशल कारागीर परजिल्ह्यातून आणावा लागतो. जे तंत्र कारखान्यात यंत्र थंड करते तेच शीतगृहात भाजीपाला आणि दूध टिकविते, पण या दोन जगांचा परिचय अद्याप कोणी करून दिलेला नाही.

वसाहतीचा विस्तार अजून चालू आहे, म्हणून काही निर्णय अद्याप हातचे गेलेले नाहीत. नव्या भूखंडांपैकी ठराविक हिस्सा शेतमालाची साठवण, प्रतवारी आणि दुग्धपदार्थ यांच्यासाठी, तोही शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्था यांना, सवलतीच्या दराने राखून ठेवता येईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील अभ्यासक्रम वसाहतीतील कारखान्यांना विचारून ठरविता येतील, आणि प्रशिक्षणार्थींना तेथेच उमेदवारी देण्याची अट भूखंडाच्या करारात घालता येईल. उद्योगाला किती पाणी द्यायचे याचा ताळेबंद, हिवरे बाजार दर वर्षी मांडतो तसा, पावसाळा संपताच तालुक्यापुढे जाहीरपणे मांडता येईल. यांतील एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही. भूखंडवाटपाचे कागद ज्या टेबलांवरून जातात, तेथे हे प्रश्न विचारले जातात की नाही, एवढेच पाहायचे आहे. आणि ते विचारायला ग्रामसभा, बाजार समिती आणि तालुक्यातील शिकलेल्या माणसांना कोणी अडविलेले नाही.